चौथा भिडू

बडोद्याचा बाजार दिवाळीच्या रात्री मिटतो तो थेट लाभपंचमीला उघडतो. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे सांगून पटत नाही. पुण्यात भाऊबीजेला मिठाईच्या दुकानांपुढे रांगा असतात. इथे गुजराती नवं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि व्यापारी पहिला सौदा करतो लाभपंचमीच्या मुहूर्तावर. मधले दिवस मंगळबाजार, लहरीपुरा, रावपुरा, सगळीकडे शटर खाली. त्यावर सुकत चाललेली झेंडूची तोरणं आणि रस्त्यात फटाक्यांच्या कागदांचा खच. पाडव्याच्या सकाळी ‘साल मुबारक’ म्हणत लोक एकमेकांकडे जातात, मठिया आणि घुघऱ्यांच्या ताटल्या फिरतात आणि संध्याकाळपर्यंत निम्मं शहर गाडीत बसून कुठेतरी निघालेलं असतं. उदयपूर, गोवा, केरळ, दुबई. शाळांना तीन आठवडे सुट्टी असते, त्यामुळे मुलं असलेलं घर सहसा थांबत नाही.

मी मंगळबाजारातल्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब बघते. हिशेब आता टॅलीमध्ये असतो, तरी चोपडापूजन होतंच. लाल बांधणीची नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, खाली ‘श्री’ची चढती उतरंड आणि शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपलाही टिळा. शेठ पेढ्यांचा डबा आणि पाकीट हातात देतात आणि म्हणतात, ‘चालो ताई, हवे लाभपांचमे मळीशुं.’ तिथून मी दांडिया बाजारातल्या घरी येते आणि माझी सुट्टी सुरू होते. 2022 ते 2025 या चारही वर्षी दिवाळी आणि पाडवा यांच्या मध्ये एक पडतर दिवस आला, म्हणजे सुट्टी आणखी एका दिवसाने लांबली. त्या दिवशी ना दिवाळी असते, ना नवं वर्ष.

आमच्या इमारतीत किल्ल्या माझ्याकडे असतात. कुणाची तुळस, कुणाची मनीप्लांटची कुंडी, कुणाच्या पोपटाचा दाणापाणी. जाणारा प्रत्येक जण किल्ली देताना विचारतो, ‘ताई, तमे क्यांय नथी जवाना?’ मी हसून नाही म्हणते. दादा पुण्याला असतो, दर वर्षी बोलावतो आणि मनापासून बोलावतो. पण त्याच्याकडे मी मे महिन्यात जाते. दिवाळीत आई-बाबांच्या घरात पणती लागलेली मला हवी असते. नरक चतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघराच्या दारात पायाखाली चिरांटं फोडायचं, तेही मी एकटी असले तरी फोडते. तेवढ्यापुरतं एकटेपण अजिबात जाणवत नाही. पहाट भरलेली असते. दिवे, फराळ, दादाचा फोन, वहिनीचा फोन, भाच्यांचे फोटो, सगळं सकाळी अकरापर्यंत होऊन जातं.

एकटेपणाबद्दल लिहिणारे बहुधा रात्रीबद्दल लिहितात. मला तो भेटतो दुपारी एक ते पाचच्या मध्ये, सणाच्या दुपारी. जेवण झालेलं आहे, भांडी घासलेली आहेत, रांगोळीचा एक कोपरा कुणाच्या तरी पायाने फिसकटला आहे आणि आता काहीच नाही. आमच्या घरात ही वेळ पत्त्यांची होती.

तेव्हा आत्याची मुलं यायची, मामाची यायची, शेजारचे पटेलांचे दोघे यायचे. माजघरात सतरंजी पसरली की आधी बदाम सत्ती, मग मेंढीकोट. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. चारही धरल्या की कोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर बावन्न पानी कोट. तो ज्यांच्यावर चढला त्यांना दिवाळी संपेपर्यंत मान वर करता येत नसे. पटेलांचा धाकटा हुकमाची खूण भुवयांनी करायचा, सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि तरी दर वर्षी त्यावरून भांडण व्हायचं. चकलीचे तेलकट हात पानांना लागायचे. किलवरच्या राणीच्या पाठीवर एक डाग होता, ती कुणाकडे आहे हे पाठीवरूनच कळायचं. नवा कॅट आणला तरी मुलं जुनाच मागायची.

ओसरीवर मोठ्यांचं टेबल वेगळं. तिथे ब्रिज चाले. बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या ऑफिसात होते. त्यांच्या बरोबर रेल्वेचे एक डॉक्टर, विद्यापीठातले एक प्राध्यापक आणि कोर्टात जाणारे एक वकीलकाका. चौघांत ठरलेल्या जोड्या होत्या. बाबा आणि प्राध्यापक समोरासमोर बसायचे. ब्रिजमध्ये समोरचा तो आपला भिडू. त्याची पानं दिसत नाहीत, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त बोली लावता येते: एक इस्पिक, दोन बदाम, तीन नोट्रम्प (म्हणजे बिनहुकमी), पास. त्या चार-सहा शब्दांतून समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखायचं आणि आपल्या हातातलं त्याला सांगायचं. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सगळ्या कॅटमध्ये मिळून चाळीस. बोली ज्यांची ठरते त्यांच्यातला एक जण आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि तेवढ्या डावापुरता डमी होतो. खेळायचं ते समोरच्याने. बाबा डमी झाले की उठून चहा टाकायचे आणि तिथून डोकावत राहायचे.

वकीलकाकांना एकदा ऐन दिवाळीत अशिलाकडे जावं लागलं आणि तिघं जण ओसरीवर ताटकळले. पानं पिसलेली, कापलेली, पण चौथा नाही. बाबांनी माजघरात येऊन मला हाक मारली. मी तेव्हा शाळेत होते, उभं राहून त्यांचा खेळ बघत बघत थोडा शिकले होते. मला वकीलकाकांच्या खुर्चीत बसवलं, डॉक्टरकाका माझे भिडू झाले. मला फार काही येत नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. तरीही तीन मोठी माणसं मी पान टाकण्याची वाट पाहत थांबली होती. घाई नाही, टोकणं नाही. डॉक्टरकाका चष्म्यावरून बघून फक्त एवढं म्हणाले, ‘तुझी उतारी आहे, बाळ.’

बाबा म्हणत की तेरा पानांचा हात 63,501 कोटींहून जास्त प्रकारे येऊ शकतो, म्हणून आज आलेला हात नीट बघून घे, तो बहुधा पुन्हा यायचा नाही. मला तेव्हा हा आकडा कुणीतरी गंमत म्हणून फुगवलेला वाटला होता. पुढे मी तो कागदावर मांडून पाहिला. बरोबर होता.

ते टेबल कसं उठलं ते लांबवत नाही. प्राध्यापक मुलाकडे अमेरिकेत गेले. वकीलकाका गेले, मग बाबा. आत्याची मुलं पुण्या-मुंबईला, पटेलांचे दोघे न्यू जर्सीला. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीत सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा डॉक्टरकाकांचा फोन आला. बर्धन साठ वर्षांचे आणि सरकार छप्पन्न. काका फोनवर नुसतं ‘बघितलंस ना, बघितलंस ना’ म्हणत होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बेनना पत्त्यांना पदक मिळतं हेच खरं वाटेना. ज्या खेळाला घरातल्या बायका ‘पत्ते कुटत बसलेत’ म्हणायच्या, त्यासाठी जकार्तात राष्ट्रगीत वाजलं, हे बाबांनी बघायला हवं होतं.

2020 साली टाळेबंदीत भाच्याने माझ्या मोबाइलवर ऑनलाइन ब्रिज घालून दिला. ‘आत्या, चौथा शोधायची गरज नाही, जगात कुणी ना कुणी जागं असतंच,’ तो म्हणाला. हे अक्षरशः खरं निघालं. पहाटे चारला उघडा, टेबलं मांडलेली. हिरव्या पटावर चार नावं, प्रत्येक नावाशेजारी देशाचा झेंडा. पोलंड, तुर्कस्तान, अर्जेंटिना, कानपूरचा कुणी एक. बसलं की तीन सेकंदांत पानं हातात. पिसणं नाही, कापणं नाही, वाटणं नाही. मी त्या वर्षी किती खेळले याचा हिशेब ठेवला नाही. आई नुकतीच गेली होती आणि संध्याकाळी सात ते नऊ ही तिची औषधांची वेळ मला मोकळी सापडत होती. त्या वेळात ही टेबलं आली. मी त्यांची ऋणी आहे आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ते ऋण कमी होत नाही.

त्या जगाची बोली मला लवकर आली. डाव सुरू होताना ‘जीएलपी’ टाइप करायचं, म्हणजे भिडू, शुभेच्छा. कुणी छान खेळलं की ‘डब्ल्यूडीपी’, म्हणजे शाबास भिडू. आभाराला ‘टीवायपी’. तीन अक्षरांत शिष्टाचार पुरा. मला ते आवडायचं. ओळख करून घ्यायची नाही, घर कुठलं, लग्न का नाही केलं, भाऊ काय करतो, काही विचारायचं नाही. आमच्याकडे कुठल्याही समारंभात हळदीकुंकवाच्या तबकाआधी हे प्रश्न येतात. टेबलावर मी फक्त बरी खेळणारी एक बाई होते, आणि बाई आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

पेढीवर मात्र मी मोबाइलवर पत्ते खेळते हे कळल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, पैसे लावता का? त्यांचं चुकत नाही. गुजरातेत श्रावणात पत्ते म्हटलं की आधी जुगार आठवतो. त्या महिन्यात गुजराती वर्तमानपत्रांत ‘श्रावणियो जुगार’ या मथळ्याखाली कुठे छापा पडला आणि किती जण धरले ते रोज येतं. मोबाइलवरच्या पैशांच्या रमीने तर ओळखीच्या एका घरात सोनं गहाण पडलं. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच म्हटलं होतं आणि पुढे पैशांची रमी चालवणारे त्याचाच हवाला देत राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. मला हे योग्य वाटलं. माझ्या टेबलावर पैसे कधीच नव्हते. पण ज्या घरात सोनं गेलं, तो मुलगाही दुपारी एकटाच असायचा, हे मला तेव्हापासून सारखं आठवतं.

सणांच्या दिवसांत ही टेबलं कशी बदलतात ते मला हळूहळू दिसू लागलं. 2022 च्या पडतर दिवशी सूर्यग्रहण होतं. वेध लागलेले, चूल बंद, इमारतीतली दारं लावलेली. मी दुपारपासून खेळत होते आणि कानपूरवाला सोडला तर माझ्यासमोर एकही भारतीय झेंडा येत नव्हता. नेहमीचे सगळे आपापल्या घरच्या दिवाळीत असणार. दोन महिन्यांनी, 24 डिसेंबरच्या रात्री मी सहज बसले. माझ्यासाठी तो पेढीवरून आल्यानंतरचा साधा शनिवार होता. डावीकडे नॉर्वेचा झेंडा होता. दोन डावांच्या मध्ये त्याने लिहिलं की आज त्यांच्याकडे वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण असतं, सगळं कुटुंब एकत्र जेवतं. नंतर लिहिलं, मुलीच्या घरी यंदा जाणं झालं नाही. त्याच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे सात वाजले असतील. कुणी काही उत्तर देण्याआधी पुढची पानं वाटली गेली. मी ‘मेरी ख्रिसमस’ लिहिलं, त्याने आभार मानले आणि चार चौकटची बोली लावली.

त्या रात्री मला एक गोष्ट नीट दिसली. वर्षभर त्या टेबलांवर कुणाचा ना कुणाचा सण असतो. ज्याचा सण असतो आणि जो तरीही तिथे असतो, त्याला घरी वाट पाहणारं कुणी नसतं. दिवाळीत ती मी असते, ख्रिसमसला तो नॉर्वेचा, आणि ज्यांच्यासाठी तो दिवस साधा असतो ती बाकीची माणसं नकळत आपल्याला सोबत करतात. मला हे फार हृद्य वाटलं आणि पुष्कळ दिवस पुरलं.

मग मी रोबोटांकडे, म्हणजे माणसाऐवजी पानं टाकणाऱ्या संगणकाकडे वळले. माणसं कधी चिडतात, बोली चुकली की खरमरीत लिहितात, डाव हरायला लागला की उठून जातात. रोबोट चिडत नाही. तीन रोबोट आणि आपण, असं टेबल केव्हाही मांडता येतं. रोबोटांच्या काही स्पर्धांमध्ये तर अशी सोयच केलेली असते की चौघांत सगळ्यात जास्त पॉइंटांचा हात नेहमी माणसालाच मिळावा. हेतू चांगला आहे, माणसाला भरपूर खेळायला मिळावं. पण बाबांच्या 63,501 कोटींमधले अर्ध्याहून जास्त हात असे असतात की त्यात आपण काही करू शकत नाही. पास म्हणायचं, भिडूला साथ द्यायची, आपली दुर्री-तिर्री वेळेवर टाकायची. डॉक्टरकाका म्हणत, भिकार हात नीट खेळणारा तो खरा भिडू. इथे तो हात मला यायचाच बंद झाला. डावामागून डाव एक्के-राजे माझ्याकडे. डमी होऊन चहा टाकायला उठणंही जवळजवळ बंद झालं, कारण बोली बहुतेक वेळा माझीच.

गेल्या काही दिवाळ्यांमधली एक दुपार. मी असाच डाव खेळत होते आणि दाराची बेल वाजली. पोपटाचे मालक दोन दिवस आधीच परत आले होते. त्यांना किल्ली दिली, प्रवासाच्या गोष्टी ऐकल्या, पोपटाने काय काय खाल्लं ते सांगितलं. चांगला अर्धा तास गेला. परत येऊन पाहिलं तर मोबाइलवर माझा डाव तसाच थांबलेला होता, रोबोटांना उतारीची घाई नव्हती. मला आठवलं की माणसांच्या टेबलावर मी अशी उठले की काय होतं. काही क्षणांत माझ्या खुर्चीत दुसरं कुणी येऊन बसतं, रोबोट किंवा कुणी मोकळा माणूस, आणि डाव पुढे जातो. दोन्हीकडे माझं नसणं कुणाला अडत नव्हतं. रोबोट अनंत काळ थांबू शकत होता म्हणून, आणि माणसं क्षणभरही थांबत नव्हती म्हणून.

ओसरीवरची ती तीन मोठी माणसं यांच्यापेक्षा वेगळी होती. त्यांचा डाव माझ्यावाचून अडला होता. त्यांना त्या दुपारी वेळ घालवायला दुसरं पुष्कळ काही होतं, तरी ती थांबली. सणाच्या दुपारी मला जे बोचतं ते माणसं नसणं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माणसं फोनवर आहेत, गच्चीवर आहेत, हिरव्या पटावर तर हजारो आहेत. माझ्यावाचून कुणाचा डाव अडलेला नाही, हे बोचतं. ऑनलाइन खेळाची सगळी सोय नेमकी हीच आहे की कुणावाचून कुणाचं अडू नये. पहिल्या वर्षी मला ती सोय म्हणजे वरदान वाटली होती. आई गेली तेव्हा मला अशीच जागा हवी होती जिथे मी उठून गेले तर कुणाचं नुकसान होत नाही. माझी गरज बदलली. खेळ तोच राहिला.

मी खेळ सोडला नाही. सोडावासा वाटलाही नाही. रोबोटांची टेबलं मात्र बंद केली आणि एक भिडू पक्की केली. तुर्कस्तानातली एक निवृत्त शिक्षिका. आम्ही आधीही अनेकदा समोरासमोर आलो होतो, आता मंगळवार आणि शुक्रवार ठरवून घेतले. माझे साडेनऊ म्हणजे तिचे सात. ठरलेल्या भिडूबरोबर खेळायचं तर आधी बोलीचे करार करावे लागतात. चार नोट्रम्प म्हटलं की एक्के विचारतोय, पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, पाच चौकट म्हणजे एक. ब्लॅकवूड नावाच्या गृहस्थाची ही 1930 च्या दशकातली युक्ती बाबा आणि प्राध्यापक वापरायचे, ती आम्हीही घेतली. असे करार लिहून काढता काढता बाकीचंही थोडं थोडं लिहिलं गेलं. बायरामच्या, म्हणजे तिकडच्या ईदच्या सुट्टीत तिची दोन्ही मुलं बायकामुलांसह समुद्रावर जातात. तिच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. हे वाचून मी दांडिया बाजारात एकटीच मोठ्याने हसले आणि मग डोळे भरून आले.

गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. आठवडाभर मोबाइल हातात धरवत नव्हता. उठले तेव्हा तिचे निरोप होते. पहिला काळजीचा, दुसरा थोड्या रागाचा. तिसऱ्यात तिने लिहिलं होतं की मंगळवारी दुसऱ्या दोघींनी बोलावलं होतं, पण मी बसले नाही, तू येशील असं वाटलं. हे मी पुनःपुन्हा वाचलं.

वरच्या मजल्यावर दोन मल्याळी नर्स भाड्याने राहतात. दिवाळीत रुग्णालयं बंद होत नाहीत, त्यामुळे त्याही इथेच असतात. त्या इमारतीत आल्यापासून त्यांच्याशी माझं बोलणं पाण्याच्या टाकीपुरतं होतं. 2025 च्या पडतर दुपारी मी वर जाऊन विचारलं, पत्ते येतात का? मोठी म्हणाली, ‘ट्वेंटी-एट येतो, आंटी.’ केरळातला हा घराघरातला खेळ. त्यात 32 पानं, सगळ्यांच्या वर गुलाम, त्याचे तीन पॉइंट, मग नव्वी दोन पॉइंटांची, एक्का आणि दश्शी एकेक पॉइंटाची, एकूण अठ्ठावीस. राजा-राणीला काहीच किंमत नाही. आयुष्यभर एक्क्याला मान दिलेल्या माणसाला नव्वीसमोर त्याला खाली ठेवणं जड जातं. मी हुकमाचा राजा मोठ्या विश्वासाने टाकला आणि धाकटीने तो नव्वीने अलगद उचलला. खालच्या बेनचा कॉलेजातला मुलगा परीक्षेमुळे घरी राहिला होता, तो चौथा झाला. चार वाजता मोठीला ड्युटीवर जायचं होतं. निघताना तिने आपली पानं उपडी ठेवली आणि बजावलं, ‘मी येईपर्यंत कुणी बघायचं नाही.’ ती येणार होती दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही बघितली नाहीत.

नंतर जमेल तसं जमतं. ड्युट्यांचा तक्ता आडवा येतो, मुलाला क्लास असतो. बहुतेक वेळा आम्ही तिघीच असतो. मग मी त्यांना पाच-तीन-दोन शिकवलं, त्याला तिघंच लागतात. अठ्ठीपासून वरची सगळी पानं आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या, मिळून तीस, प्रत्येकीला दहा. हात ओढून घेण्यावरून दोघींची मल्याळीत जी जुंपते ती मला शब्दन् शब्द कळते असं वाटतं. जुना डागाचा कॅट माळ्यावर सापडला. त्यातली दोन पानं हरवली आहेत, पण या खेळाला ती लागत नाहीत.

दिवाळीची दुपार यामुळे भरून गेली असं मी म्हणणार नाही. भाऊबीजेला दोघींचीही ड्युटी होती आणि ती दुपार पूर्वीसारखीच गेली, एक ते पाच. मी सुरसागरला एक फेरी मारून आले. बंद दुकानांपुढे काही पोरं उरलेले फटाके गोळा करत होती. रात्री तुर्की भिडूबरोबर बसले, पण तीही त्या दिवशी थकलेली होती, दोघींच्या हातून सोपा स्लॅम, म्हणजे तेरापैकी बारा-तेरा हात करायची बोली, गेला. असे दिवस पुढेही येणार आहेत.

आजच्या ब्रिजला 2025 मध्ये शंभर वर्षं झाली. 1925 च्या ऑक्टोबरअखेरीस पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावर हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन माणसाने सोबतच्या तिघांना घेऊन या खेळाचे आजचे नियम पहिल्यांदा खेळून पाहिले. मी हे धाकट्या नर्सला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘जहाजावर चौथा कुठून मिळाला?’ तिच्या प्रश्नाने मला डॉक्टरकाका आठवले. ते आता मुलीकडे सुरतला असतात, ऐकू कमी येतं. त्यांना मी ही गोष्ट पत्राने कळवली.

ही धाकटी संध्याकाळी जर्मन शिकते आहे. केरळातल्या तिच्या बऱ्याच मैत्रिणी तिकडच्या रुग्णालयांत गेल्या आहेत आणि परीक्षा पास झाली की तीही जाईल, कदाचित पुढच्या दिवाळीआधीच. म्हणून मी तिला ब्रिज शिकवायला घेतला आहे. तिकडे पहिल्या ख्रिसमसला तिला कुणी ओळखीचं नसेल, आणि तेव्हा हिरव्या पटावर माझ्यासमोरची खुर्ची शनिवारी तिची असेल असं आम्ही ठरवलं आहे. तुर्की शिक्षिकेला मी कळवलं आहे, ती शेजारी बसायला तयार आहे. पण अजून बरंच काम आहे. पोरगी पॉइंट मोजताना ट्वेंटी-एटच्या सवयीने गुलामाचे तीन धरते, मग बोली दोन हातांनी वर जाते. काल तिसऱ्यांदा सांगितलं, इथे गुलामाचा एकच. ती म्हणाली, ‘आंटी, हे बरोबर नाही,’ आणि वहीत लिहून घेतलं.